पाठीवरचं बोट

शिंप्याची आणि मुलांना कसरती शिकवणाऱ्या कोलांटीबाईंची पहिली भेट झाली तेव्हा बाईंचे पाय छताकडे होते आणि डोकं गादीवर. "मुलीला तुमच्या वर्गात घालायचंय," हे शिंप्याने घसा खाकरून सांगितलं ते बाईंच्या टाचांना. "वय?" असा खालून आवाज आला. साठी उलटलेली बाई, चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा, आणि पुढची सगळी बोलणी तशीच, उलटं राहूनच झाली. शेवटी शेवटी तर शिंप्याला वाटू लागलं की बाई सरळ आहेत आणि आपणच छताला चिकटलोय.

त्याची पाच वर्षांची चिमणी जिन्यावरून पडल्यापासून काहीतरी धरल्याशिवाय पाऊल टाकत नसे. भिंत, टेबल, नाहीतर बापाचा शर्ट. शाळा तोंडावर आली होती. "बापाला शेपटीसारखं बांधून पाठवू का वर्गात?" असं तिची आई विचारी, आणि शिंपी सुईत दोरा ओवत बसे.

बाईंची रीत ठरलेली. गुडघाभर उंचीच्या अरुंद लाकडी तुळईवर, म्हणजे बीमवर, मूल चढवायचं, पाठीला एकच बोट टेकवायचं, आणि मूल चालू लागलं की न सांगता बोट काढून घ्यायचं. "सांगितलं की पडलंच समजा," बाई म्हणत.

एके दिवशी शिंपी बाकावर बसून बटणं लावत होता. चिमणी बीमवर होती. बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका गुबगुबीत पोराची अर्ध्यात अडकलेली कोलांटी सोडवत होत्या. चिमणी हात पसरून चालू लागली. दुसरा बाप असता तर लेकीचा चेहरा बघत बसला असता, पण शिंप्याचा डोळा तो, आधी कापडावर जाणार! शर्ट त्यानेच शिवलेला. पाठीवर बोटाएवढा खळगा पडला होता, भोवती बारीक चुण्या. कापड कुणी दाबून धरलं की पडतात तशा. चिमणी सरके तसा खळगाही सरके. मागे कुणीच नव्हतं.

चिमणीने खाली उडी मारली. "बाई, तुमचं बोट किती गार!"

बाईंच्या दोन्ही हातांत त्या पोराचे पाय होते. "हो गं राणी," त्या मागे न बघताच म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर शिंप्याने त्यांना गाठलं. "बाई, ते काय होतं?"

"दिसलं होय तुम्हाला? एवढ्या वर्षांत कुणा आईबापाला दिसलं नाही."

"पण कुणाचं बोट?"

"काय माहीत! मी शिकत होते तेव्हाही गारच होतं. आपण आपलं बोट काढलं की ते लागतं."

"मग कधी वळून बघितलं नाहीत?"

"मागे बघितलं की तोल जातो, दादा. पहिल्याच दिवशी शिकवते मी."

त्या रात्री शिंप्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पोरगी चालायला हवी होती, पण ही कुणाच्या आधाराने? सकाळी त्याने नवा शर्ट शिवला आणि पाठीत बक्रम घातलं, कॉलर ताठ राहावी म्हणून लावतात ते. पुठ्ठ्यासारखी पाठ झाली. आता बघू कसा खळगा पडतो!

खळगा पडला नाही. बीमच्या मध्यावर चिमणी थांबली. तिचे हात हवेत काहीतरी शोधू लागले.

"बाबा, बोट गेलं."

शिंप्याने बाईंकडे बघितलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. "शिवण तुमची," त्या म्हणाल्या, "उसवायची की नाही, तुम्हीच ठरवा."

चिमणीचा तोल जाऊ लागला होता. शिंपी कात्री घेऊन धावला, तिच्या मागे उभा राहिला आणि करकर टाके उसवून बक्रम ओढून काढलं. तेवढ्यात त्याच्या हाताला काहीतरी गार लागलं. गर्दीत कुणी सभ्य माणूस 'जरा सरकता का' म्हणून हात लावतो, तसं. 

तो सरकला.

चिमणी टोकापर्यंत गेली, आणि महिनाभराने शाळेतही काही न धरता गेली. तिचे शर्ट अजून शिंपीच शिवतो. पाठीला मऊ सुती कापड लावतो आणि ती दारातून बाहेर पडताना तिच्या पाठीकडे न बघता मशीनकडे बघत बसतो.

कोलांटीबाई पुढच्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडल्या. खुबा मोडला. "एकदा वळून बघितलं, दादा," एवढंच त्या शिंप्याला म्हणाल्या. वर्ग बंद झाला.