बाबांसमोर दिलेलं उत्तर

आम्ही आता राहतो त्या चँडलरमध्ये दातांच्या डॉक्टरांनी लेकीच्या दातांचा साचा घेतला, तेव्हा त्या गुलाबी लगद्याचा गोडसर वास आला.

जर्सी सिटीतल्या दवाखान्यातही हाच वास होता. मी बारा वर्षांची होते आणि माझा खालचा जबडा मागे राहिला होता. डॉक्टर म्हणाले, मुलीची उंची वाढतेय तोवरच प्लेट लावून तो पुढे आणता येतो. मग वाढ किती उरलीय ते कळायला त्यांनी सहज विचारलं, हिची पाळी सुरू झाली का? शेजारी बाबा बसले होते. आई पटकन म्हणाली, "नॉट येट."

पाळी येऊन सहा महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, मग घाई नाही, पुढच्या वर्षी या. लिफ्टमध्ये आई कुजबुजली, "बाबांसमोर काय सांगायचं असलं?" तेव्हा मला तिचे उपकार वाटले होते.

पुढच्या वर्षी माझी वाढ जवळजवळ थांबली होती. एकोणिसाव्या वर्षी जबड्याचं हाड कापून पुढे सरकवावं लागलं. हनुवटी अजून बधिर आहे. विषय काढला की आई म्हणते, "किती वर्षं उगाळणार आहेस?"

आज डॉक्टरांनी लेकीबद्दल तोच प्रश्न विचारला. सोबत आलेल्या आईने चटकन नातीचा गुडघा दाबला. लेक फोनमधून मान वर न करता म्हणाली, "येस, लास्ट मंथ."

आई खाली बघायला लागली. मी तिच्यावरची नजर काढली नाही.