पाठीवरचं इंजिन

चंद्रशेखर साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. समोर क्लिअरन्स फॉर्म होता. उद्या सकाळच्या टेकऑफ टेस्टला विमान फिट आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. फ्युएल सिस्टिमची राहिली होती. ती माझी.

"सर, मी आज सही करत नाही," मी म्हणालो.

"कारण?"

"दुपारी जमिनीवर जेटचा रन घेतला, तेव्हा फ्युएल प्रेशरची सुई पडली."

"कितीदा?"

"एकदाच. पडली आणि लगेच वर आली."

"आणखी कोणी पाहिली?"

कोणीच पाहिली नव्हती.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी बंगलोरला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. हवाई दलाची मालवाहू विमानं हिमालयातल्या उंच धावपट्ट्यांवर रसद घेऊन जात. उतरणं कसंबसं जमे, पुन्हा उडणं अवघड. त्या उंचीवर हवा विरळ. प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनांना दम पुरत नाही. धावपट्टी आखूड, दगडगोट्यांची, आणि ती संपते तिथे दरी. म्हणून एका लढाऊ विमानाचं छोटं जेट इंजिन या जाडजूड विमानाच्या पाठीवर बसवायचं ठरलं. टेकऑफपुरतं पेटवायचं, वर गेलं की बंद. चढावर अडलेल्या बैलगाडीला मागून चार माणसांनी रेटा द्यावा, तसं.

जेटला खरं तर केरोसीन मानवतं. पण दोन इंधनं न्यायची तर टाकी वेगळी, वजन वेगळं. म्हणून तेही विमानाच्या पेट्रोलवरच चालवायचं होतं. टाकीतलं पेट्रोल पाठीपर्यंत चढवणारे पंप, फिल्टर, पाईप, हे सगळं माझ्याकडे होतं.

सुई पडल्यावर मी आणि आमचे फोरमन कल्लाप्पाअण्णा लगेच विमानावर चढलो होतो. अण्णा बेळगावकडचे, हाताला डोळे असलेला माणूस. फिल्टर उघडला, स्वच्छ. पंप काढून बेंचवर चालवला, ठीक. पाईप चाचपले. गेजसुद्धा बदललं. दुसऱ्या रनला सुई जागची हलली नाही.

"आता काय बघायचं ओ साहेब? समदं झक्कास हाय की," अण्णा म्हणाले.

तेच चंद्रशेखर साहेबांचं म्हणणं होतं. "मिस्टर राव, दिल्लीहून माणसं येऊन बसली आहेत. तुम्हाला दोष सापडत नाही आणि तुम्ही सहीही करत नाही. मी त्यांना काय सांगू?"

जमिनीवर जेट पूर्ण जोरात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवता येत नसे, विमान चाकांपुढच्या ठोकळ्यांवरून सरकायला बघे. त्यामुळे खरी परीक्षा धावपट्टीवरच होणार होती.

टेस्ट पायलट, स्क्वाड्रन लीडर मलिक, दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. ते आत आले.

"राव, तुला भीती कसली वाटते?"

"जेट मध्येच विझेल अशी."

"मग तू माझ्या मागे बस. गेजवरून नजर काढायची नाही. सुई पडली की ओरड, मी थांबवतो."

त्यांनी फॉर्म ओढला आणि माझ्या रिकाम्या जागेत लिहिलं: 'फ्युएल इंजिनिअर सोबत. पायलटच्या जबाबदारीवर.' खाली स्वतःची सही केली. नकार द्यायला मला तोंडच उरलं नाही.

सकाळी चामराजपेटच्या घरून सायकलने निघालो. "स्वल्प खाऊन तरी जा," बायको म्हणाली. विमानात बसणार आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं.

विमानात वाळूची पोती भरलेली होती. उंचावरच्या धावपट्टीइतकं अंतर हिशेबाने काढून आमच्या लांब धावपट्टीवर फक्कीची आडवी रेघ मारली होती. त्या रेघेच्या आत चाकं सुटायला हवीत. दिल्लीचे पाहुणे छत्रीखाली बसले होते. चंद्रशेखर साहेब त्यांच्यामागे उभे होते.

मलिकनी प्रोपेलर पूर्ण जोरात आणले. मग जेट पेटलं. डोक्यावरचं छप्पर फाटतंय असा आवाज झाला. ब्रेक सुटले.

सुई स्थिर. स्थिर. विमान हादरत पळत होतं. सुई थरथरली. मला वाटलं, हादऱ्याने असेल. त्या वाटण्यात मी एक क्षण घालवला, ते आजही मला खुपतं. मग सुई सरळ खाली आली.

"कट! कट!" मी किंचाळलो.

त्याच वेळी वरचा आवाज गेला. जेट विझलं होतं. मलिकनी थ्रॉटल ओढले आणि दोन्ही पाय ब्रेकवर दिले. खिडकीतून दिसलं, पांढरी रेघ आमच्या खालून मागे गेली. एक टायर फुटला, विमान डावीकडे ओढलं गेलं आणि धावपट्टी सोडून गवतात शिरलं. थांबलं.

मलिकनी एकेक स्विच बंद केला. मग मागे वळून म्हणाले, "तिकडे वर असतो तर आत्ता दरीत असतो."

दुपारी हँगरमध्ये पेट्रोलचे सगळे पाईप काढले. एक रबरी होज होता, बाहेरून नवाकोरा. आत फुंकर मारली तर आरपार जात होती.

"कापा," मी म्हणालो.

कल्लाप्पाअण्णांनी तो उभा चिरला. आतला रबराचा थर पेट्रोलने फुगून एका जागी सुटला होता. जिभेसारखा लोंबत होता. पेट्रोल जोरात वाहिलं की ती जीभ उचलली जाऊन वाट बंद करी. जोर ओसरला की परत चिकटून बसे. म्हणून आम्हाला काही सापडत नव्हतं.

"अरे द्येवा," अण्णा एवढंच म्हणाले.

मी स्टोअरमधून मागणीचा कागद आणवला. माप बरोबर, प्रेशर बरोबर. होज केरोसीनसाठी बनवलेला. मागणी माझ्या हातची होती.

तो कागद घेऊन मी चंद्रशेखर साहेबांकडे गेलो. "सर, चूक माझी आहे."

त्यांनी कागद वाचला. "पाहुण्यांना मी होज फेल झाला असं सांगितलंय. ते खरं आहे. फाइलमध्ये मात्र पूर्ण लिहा, तुमच्या नावासकट."

मी लिहिलं. त्या वर्षी माझं प्रमोशन हुकलं, आणि त्याबद्दल मी कोणाकडे तक्रार केली नाही. पेट्रोलला टिकणारे होज मिळायला काही आठवडे गेले. दुसऱ्या टेस्टला फक्कीची रेघ बरीच पुढे असतानाच चाकं सुटली. पुढे ते विमान डोंगरात गेलं. मलिकच घेऊन गेले. परतल्यावर त्यांनी एकच निरोप पाठवला: जेट पूर्ण वेळ चाललं.

नंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक इंजिनिअरला मी एकच गोष्ट सांगत आलो. पाईप किती जाड, किती लांब, हे कोणीही मोजतो. त्यातून काय वाहणार आहे, ते आधी विचारा.