बाराव्या मजल्यावरून दिसणारी आजी

ये गं, सरक अशी जवळ. आणि ते गालातल्या गालात हसणं थांबव आधी! ‘मावशी कुठे शिकली चित्रकला?’ हेच चाललंय ना मनात? कुठेच नाही शिकले. मुलांना चित्रांची पुस्तकं दाखवता दाखवता माझीच नजर तयार झाली. आणि चांगली तयार झाली, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

परळच्या आमच्या खोलीत शनिवारी दुपारी मुलं जमतात, पाच-सहा वर्षांची. चटईवर पुस्तक उघडायचं, अक्षरांवर कागदाची पट्टी ठेवायची आणि मी विचारायचं, “हे चित्र काढणारा कुठे उभा होता?” एवढीच माझी विद्या. कुणी म्हणतं झाडामागे, कुणी पलंगाखाली. मग प्रत्येकाने चित्रं काढून आपापलं पुस्तक बनवायला बसायचं.

त्यात एक मुलगी आली. लालबागला त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, तिथे बाराव्या मजल्यावर राहते. आई दारातूनच म्हणाली, “मावशी, हिला माणूस काढताच येत नाही. शाळेतल्या मॅडमही तेच म्हणतात. जरा नाक-डोळे शिकवा.”

मुलीने काढलं काय, तर काळे गोल, आणि प्रत्येक गोलाखाली पायांची इवलीशी टोकं.

“ए, बटाटे!” एक पोरगा ओरडला.

“बटाट्यांना पाय फुटले!” त्याची बहीण.

झालं. तिने कागद उलटा केला. पुढे कित्येक शनिवार यायची, तेलखडूंवरचे कागद सोलत बसायची, पण रेघ म्हणून मारायची नाही. शेवटी आई म्हणाली, “राहू दे मावशी, बंद करते. नाहीच जमत तिला.”

“एक शनिवार थांब,” मी म्हटलं. “आधी तुझ्या घरी चहा पाज मला.”

गेले. चहा घेऊन खिडकीत उभी राहिले, खाली बघितलं. अगं, रस्ताभर बटाटेच चाललेले!

मग शनिवारी मुद्दाम असं पुस्तक काढलं, ज्यात अख्खा बाजार वरून दिसतो. नेहमीचा प्रश्न विचारला.

“विमानात!” तो पोरगा म्हणाला.

ती पुटपुटली, “आमच्या खिडकीत.”

“बरोब्बर! मग तिथून तुझी आजी कशी दिसते?”

तिने कागद ओढला. करडा गोल, मागे अबोलीचा ठिपका, बाजूला पिशवी. आजी भाजीला निघाली. न्यायला आलेली आई वाकून बघत म्हणाली, “आणि तोंड गं?”

“ती वर बघत नाही. मान दुखते तिची.”

मी तर टाळ्याच वाजवल्या!

पानामागून पान झालं. गर्दीत आजी शोधायची, असं पुस्तक. शेवटच्या पानावर मात्र आजीला तोंड आहे, चष्मा आहे, हात वर आहे. का, विचारलं तर म्हणते, “आपली खिडकी कुठली ते तिला कळत नाही, म्हणून ती सगळ्याच खिडक्यांना टाटा करते.” सांग, नाक-डोळे कुणी शिकवले तिला?

आता दुसरं पुस्तक चाललंय, खाटेखालून दिसणारं घर. पहिलं माझ्या फळीवर आहे, पण एकच प्रत, ती मी कुणाला नेऊ देत नाही. आजी शोधायची असेल तर परळलाच यायला हवं. शनिवारीच ये, चटईवर जागा करते. आणि लवकर ये गं, उगाच कारणं नकोत.