खिळेमामांच्या छातीतली कळ

ओठांत खिळे धरून बोलायची सवय, म्हणून सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे खिळेमामा म्हणत. हल्ली ते बोलतच नव्हते. डाव्या छातीत कळ यायची. थोरला भाऊ हृदयविकारानेच गेलेला. आता आपली पाळी, असं धरून मामांनी दुकान शेजारच्या गादीवाल्याला द्यायचं कबूल केलं. तो शनिवारी किल्ली न्यायला येणार होता.

हृदयाच्या डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघालं.

"दुखणं खरं आहे, पण बहुधा बरगडीचं. कायरोप्रॅक्टरकडे पाठवते. पाठीचे, बरगड्यांचे सांधे हाताने मोकळे करतात ते."

"म्हणजे यांनी हात टेकले," मामा जिन्यात पुटपुटले.

"त्यांनी नाही, तुम्ही टेकलेत," मामी म्हणाल्या. "चला."

कायरोप्रॅक्टरने अंगाला हात लावण्याआधी डॉक्टरबाईंना फोन केला. एकेक तपासणी विचारून घेतली. तेवढ्या वेळात मामा कितीदा तरी खिडकीशी जाऊन आले.

"काम काय करता?"

"बसून असतो."

मामी फिस्सकन हसल्या. "बसून? मग सोफ्याच्या चौकटीवर पट्ट्या कोण ताणतं? अहो, दाखवा की!"

मामांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं. सोफ्याची चौकट समजून त्याची कड छातीला टेकवली, पाठ मागे टाकली आणि नसलेली पट्टी दोन्ही हातांनी खेचली. जन्मभर असंच केलेलं. कळ आलीच.

कायरोप्रॅक्टरने बरगडीवर बोट दाबलं. मामा कळवळले.

"हीच का?"

"हीच!"

त्याने पुन्हा डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला. हकिगत ऐकून डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे मला का नाही सांगितलंत, मामा?"

"तुम्ही हृदयाचं विचारत होतात."

"बरं. उपचार ते करतील, लक्ष मीही ठेवीन. पण चालताना छाती भरून आली, घाम फुटला, तर सरळ इस्पितळ गाठायचं. आणि ती चौकट छातीला लावणं बंद."

शनिवारी गादीवाला आला. मामा दुकानात येरझाऱ्या घालत होते.

"किल्ली?"

"नाही देत."

"बरं वाटतंय वाटतं!"

"छे, दुखतंय," मामा म्हणाले. "पण हे मरणाचं दुखणं नाही म्हणतात. दोघांचं एकमत आहे."

गादीवाला हात हलवत परत गेला. मामांच्या येरझाऱ्या काही थांबल्या नाहीत.