सुरीवाला आणि वाट बघणारा

आमच्या सापगावात हळदीला जी बाई गाणी म्हणते, तिला विचारल्याशिवाय कुणी स्थळ पक्कं करत नाही. मुलाच्या चपलेपासून त्याच्या आत्यापर्यंत सगळं ती खोदून काढते, दातांवर मिसरी घासत.

मध्यंतरी ती खळ्यात घसरून पडली. स्कॅन केला तर माराचं काहीच निघालं नाही, पण मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला लहानसा फुगा आलेला दिसला. फुटलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनात धोका आहे, तसंच ठेवण्यातही थोडा आहे, तुम्हीच ठरवा.

ही घरी आली ती हसतच. "दोन स्थळं आली हायत गो. एक सुरीवाला, एक नुसता वाट बघणारा."

पुढच्या खेपेला दवाखान्यात तिच्या सुनेबरोबर मीही होते. तिने डॉक्टरांनाच खोदून खोदून विचारलं. फुगा केवढा? वाढतो का? कापल्यावर वाचा जाईल काय? पोरांच्यात उतरतो का? सून लाजून भिंतीकडे बघत होती. डॉक्टर मात्र खुर्ची पुढे ओढून उत्तरं देत होते.

तिने वाट बघणारा पसंत केला. वर्षाला स्कॅन, रोज प्रेशरची गोळी आणि तंबाखू बंद. "हुंड्यात माझी मिसरी घेतली मेल्यानं."

परवाच्या हळदीत मी विचारलं, "भीती नाय वाटत?"

तिने कमरेची मिसरीची डबी उघडून दाखवली. आत प्रेशरच्या गोळ्या होत्या. "हळू बोल," ती माझ्या कानात म्हणाली, "निजलाय तो."

आणि लगेच एवढ्या मोठ्याने गाणं उचललं, की तिचं डोकं धरायला माझेच हात पुढे झाले.