आत्यानं जोडलेल्या आठ तारा

ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीच्या, गाडीत इंजिन झाकलेलं नसतं. लांबलचक सांगाडा, मागं दोन दांडगी चाकं आणि सगळ्यांना दिसेल असं उघडं इंजिन. त्यामुळं अशा गाडीचं मॉडेल करताना खरी कसोटी तिथंच लागते. मावसभावानं पुण्याहून बनारसला येताना किट आणलं, तेव्हा सांगाडा मी बँकेच्या सुट्ट्यांत आरामात उभा केला. इंजिनानं मात्र नाकी नऊ आणले.

रंगापर्यंत सगळं जमलं. प्लास्टिकवरची खोटी चमक घालवून मी धातूचा मंद रंग दिला, खाचांमधून पातळ काळा रंग सोडला. धुराच्या नळ्या तापून निळसर पडल्यासारख्या दिसू लागल्या. राहिल्या फक्त तारा. ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या इवल्याशा बोंडातून आठ तारा निघतात आणि आठ सिलिंडरच्या प्लगांना जाऊन मिळतात. किटमध्ये त्या नव्हत्या, म्हणून जुन्या चार्जरमधली बारीक तार घेतली. बोंडाला भोकं पाडायला गेलो आणि ते दुभंगलं.

तेवढ्यात आत्या आली. ती पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहते. संक्रांतीला इथल्या मराठी घरांतल्या नव्या सुनांसाठी, तान्ह्या बाळांसाठी हलव्याचे दागिने करते. मी तुकडे दाखवले.

"यातून तारा निघायच्या ना?" तिनं विचारलं. "मग मणी घे. त्याला भोक असतंच."

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून काळा काचेचा मणी आणला. आठ तारा एकत्र धरून त्याच्यातून ओवल्या आणि वरच्या बाजूनं कमळासारख्या उमलवल्या. मी पाहतच राहिलो. मी प्रत्येक तार आधी चिकटवून मग वळवायला गेलो असतो. ती आधी तार बोटावर वळवून तिला सवय लावायची, तार आपणहून जागी बसायला लागली की मगच सुईच्या टोकानं गोंदाचा थेंब ठेवायची.

मधेच तिनं हात थांबवला. "कुठली तार कुठं जाते, ते ठरलेलं असेल ना?"

"असतं. ठिणगी पडायचा क्रम असतो. पण इतक्या लहान गाडीत कोण बघणार?"

"बघणार नाहीत. पण तू सांग तरी."

मी मोबाइलवर क्रम शोधून वाचला आणि तिनं आधी लावलेल्या तीन तारा स्वतःच सोडवल्या. कुरकुर नाही, उसासा नाही. पुन्हा पहिल्यापासून, मी आकडा सांगायचा आणि तिनं तार न्यायची. दुपार कलली तेव्हा शेवटची तार बसली. दोन्ही बाजूंच्या तारांचे बाक सारखे, कुठंही ताण नाही, कुठंही ढिलाई नाही. मी इतकी मॉडेलं केली, पण असं हातकाम माझ्याकडून कधी झालेलं नाही.

पेट्रोलच्या नळीचं तिनंच सुचवलं. खऱ्या गाडीत ती नळी विणलेल्या पोलादाची असते, हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. तिनं साडीच्या जरीचा रुपेरी धागा तारेवर घट्ट गुंडाळला. हुबेहूब.

मग मी तिला मोबाइलवर शर्यत दाखवली. गाड्या सुटल्या आणि ती चष्मा नीट करेपर्यंत शर्यत संपली.

"एवढ्यासाठी एवढं इंजिन?" ती हसली. "परत लाव. इस बार रोक-रोकके दिखा."

मी चित्र थांबवत थांबवत पुढं नेलं. तिनं गाडीकडं, मग मोबाइलकडं, पुन्हा गाडीकडं पाहिलं. "चालकाच्या पायाशी काहीतरी आहे बघ," ती म्हणाली. "ते आपण केलंच नाही."

ते क्लचचं पेडल होतं. पुढच्या रविवारी ती पत्र्याची बारीक पट्टी घेऊन आली.