आमच्या टोळीचा मंत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आणि आज सांगतेय तेही हळवी होऊन नाही, चिडून.

परवा भाच्याने मोबाइल पुढे केला. तो वाचतो त्या ‘मांगा’मध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांच्या मालिकेत, मुखवटेवाल्या मांत्रिकांची एक गुप्त टोळी आहे. जो त्यांचं गुपित फोडेल, त्याची ओळखच ते सगळ्यांच्या डोक्यातून पुसून टाकतात. "मावशी, कसले नालायक आहेत ना!" म्हणाला. आठवीत असताना हीच मालिका वाचून मी तशी टोळी काढली होती — सुरतेत, उधन्यात, मैत्रिणीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे मुखवटे लावून.

म्होरकी मी. कारण मंत्र माझ्याकडे होता! "आठे ये, कथा गयथी?" — मी घोगऱ्या आवाजात म्हणायचे आणि माझ्या गुजराती मैत्रिणी शहारायच्या. कुठली तरी पाताळातली भाषा वाटायची त्यांना. अहो, कसलं पाताळ? इकडे ये, कुठे गेली होतीस — आई मला रोज जेवायला हाक मारायची, ती ही अहिराणी. शाळेत मात्र मी सांगायचे, आम्ही घरी हिंदी बोलतो. आपल्याच आईच्या बोलीची लाज! कुणी शिकवली होती मला? कुणीही नाही. माझी मीच शिकले.

मग शिरपूरकडून काकांची मनीषा आली, आमच्याकडे राहून शिकायला. आमच्याच शाळेत घातली, पण तिथे तिला कुणाचंच गुजराती बोलणं कळेना, दिवसभर गप्प असायची. एका संध्याकाळी मला शोधत ती गच्चीवर आली आणि मंत्र ऐकून खुदकन हसली. "ताई, आठे बठ्ठ्या अहिराणी बोलतस?"

इथे सगळ्याच आपली बोली बोलतात असं वाटून किती आनंद झाला होता तिला — आणि मी?

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मुखवटाही काढला नाही. म्हणाले, "आ तो अमारी कामवाळी छे."

तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. टोळीचा नियम म्हणून हुकूम सोडला, शाळेत हिच्याशी कुणी बोलायचं नाही. कुणी बोललं नाही. मीही नाही. दिवाळीला काका आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माले गावले जानं शे." माझं नाव घेतलं नाही. तिची शाळा सुटली ती कायमची. घरात सगळे म्हणत राहिले, पोरीला सुरत मानवली नाही. संताप येतो मला त्या वाक्याचा! सुरतेने काय केलं होतं तिचं? आणि मी ते ऐकत निवांत जेवत होते.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गावी गेले. मनीषा दारातूनच ओरडली, "आठे ये वं ताई, कथा गयथी इतला दिन?" मी तिला छापील मराठीत उत्तर दिलं — वेळच मिळत नाही गं.

ती आमची कामवाली नव्हती. माझ्या सख्ख्या काकांची मुलगी होती, आणि मी तिला चांगली ओळखत होते.